डाव्या हाताची वाक्यं

अण्णा,

सोलापूरच्या साप्ताहिकाचे संपादक मागच्या आठवड्यात घरी येऊन गेले. तुमच्यावर काहीतरी लिहून द्या म्हणाले. जन्म कुठला, शिकले कुठं, चळवळीत काय काय केलं, असं एकेक विचारू लागले. मी म्हटलं, ते तुम्हाला जळकोटात कुणीही सांगेल. मला अण्णांशीच बोलायचं आहे. ते म्हणाले, "मग त्यांनाच लिहा. आम्ही तसंच छापू."

म्हणून बसले आहे. शेतात तुम्हाला जिथं समाधीत बसवलं तिथली माती अजून पुरती दबलेली नाही. अव्वा रोज जाऊन बघून येते. आणि आपलं एक भांडण अर्ध्यावर राहिलं आहे, ते मला तसं सोडवत नाही.

छापायचं आहे म्हणून वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. आपल्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलल्या जातात. म्हणून आई ती अव्वा, थोरले भाऊ ते अण्णा, आणि धाकटी बहीण म्हणून मी तंगी. माझं खरं नाव तुमच्या तोंडून मी लग्नात उखाण्याच्या गडबडीत एकदाच ऐकलं, आणि तेही तुम्ही चुकवलंत.

भांडणाची सुरुवात बोरूपासून आहे. तुम्ही तेव्हा तुळजापूरच्या कचेरीबाहेर बसून अर्ज लिहायचात. निजामाचं राज्य, कारभार सगळा उर्दूत. माणसं आपली गाऱ्हाणी मराठीत नाहीतर कन्नडात सांगायची आणि तुम्ही ती उर्दूत बसवून द्यायचात. शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी असायची. आदल्या संध्याकाळी मोटारीनं गावी यायचात. सकाळी अंघोळ, लिंगपूजा झाली की ओसरीवर बैठं मेज ओढायचं, दौत उघडायची आणि मराठी लिहायला बसायचं. वहिनी गेल्यानंतर तुम्ही दुसरं लग्न केलं नाहीत. मला वाटतं त्या ओसरीवरच्या सकाळीच तुमचा संसार होत्या.

गावात मुलींची शाळा नव्हती. मला अक्षरं तुम्ही शिकवलीत, अंगणातल्या धुळीत बोट फिरवायला लावून. अव्वा म्हणायची, "लिवून काय करणार हाय ही?" तुम्ही म्हणालात, "मी लिवलेलं वाचाया घरात कुणीतरी पायजे की, अव्वा." अशी मी तुमची पहिली वाचक झाले. पुष्कळ दिवस एकटीच होते.

बोरू दौतीत बुडवला की पहिले शब्द काळेभोर, ठसठशीत उमटायचे. मग शाई उतरत जायची, अक्षर बारीक व्हायचं, शेवटचा शब्द पुसट दिसायचा. परत बुडवायचा, परत काळेभोर. मी शेजारी बसून बघायची. मग मला कळायला लागलं की तुमचं वाक्यही असंच चालतं. आधी दणक्यात सुरू होणार, मग हळूहळू उतरत जाणार, आणि संपायच्या जागी पुन्हा शाई घेतल्यासारखं 'आणि' म्हणून उभं राहणार. एकेक वाक्य पानभर. 'ज्या विहिरीचे पाणी आमच्या वडिलांनी, त्यांच्या वडिलांनी, आणि त्यांच्याही आधीच्या, ज्यांची नावे आता सांगणारे कोणी उरले नाही अशा माणसांनी गोड म्हणून चाखले, त्या विहिरीच्या काठी...' हे वाचताना काठी पोचेपर्यंत माझा श्वास संपायचा. पण काय ऐट होती त्या वाक्यात! बैलजोडी सजवून वेशीतून न्यावी तशी. मी तसली वाक्यं पुढं कुणाची वाचली नाहीत.

एका जुम्म्याला मी म्हटलं, "अण्णा, ही वाक्यं तुमची न्हाईत. बोरूची हायत."

तुम्ही वर बघितलंत. "म्हंजी?"

"शाई असती तवर तुम्ही चालता. आणि मधी उचलला तर डाग पडतो म्हणून थांबत न्हाई."

"हत्याराला अक्कल नसती, तंगी," तुम्ही म्हणालात. "लिवणारा माणूस असतो. मी कोळसा घेऊन भिंतीवर लिवलं तरी असंच लिवीन."

गोष्ट तेवढ्यावर थांबली असती तर भांडण तिथंच मिटलं असतं. पण ह्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, दिवाळीला तुम्हाला सोलापुराहून झरणी आणून दिली. फाउंटन पेन. निळ्या रंगाचं, सोनेरी पट्टीचं. तुमचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. तुम्ही त्यानं लिहायला लागलात आणि अण्णा, तुमचं वाक्य थांबेचना. बोरूला निदान शाई संपल्यावर तरी श्वास घ्यावा लागायचा. हे पेन चालतच राहिलं. एका लेखात मी पूर्णविराम शोधत शोधत तिसऱ्या पानावर गेले. काही आठवड्यांनी तुम्ही ते पेन कपाटात ठेवलंत.

"का हो?" मी विचारलं.

"ह्याला कुठं थांबावं ते कळत न्हाई," तुम्ही म्हणालात.

"म्हंजी बोरूला कळत व्हतं?"

तुम्ही हसू दाबलंत आणि दौत उघडलीत. त्या दिवशी मला वाटलं, मी जिंकले.

मग ते वाईट वर्ष आलं. रझाकारांचा धुमाकूळ वाढला. रस्त्यानं बायकांचं जाणं-येणं बंद झालं. ह्यांनी मला आणि अव्वाला सरहद्दीपलीकडं, सोलापूरच्या बाजूला, आपल्या मावशीच्या गावी नेऊन ठेवलं. तुम्ही कचेरी सोडून त्याच गावी आधी पोचला होतात. तिथं देवळामागच्या वाड्यात चळवळीचा कँप होता. एक गुरुजी तो चालवायचे. आपल्या भागात काय घडतंय ते गावोगाव कळावं म्हणून ते एक पत्रक काढायचे, आणि अक्षर चांगलं म्हणून ते काम त्यांनी तुम्हाला दिलं होतं.

सायक्लोस्टाईलचं यंत्र मी तिथं पहिल्यांदा बघितलं. चांगलं जडशीळ, लोखंडी. मेणाचा कागद पत्र्यावर पसरायचा आणि बोथट सुईसारख्या लेखणीनं त्यावर कोरायचं. कोरलं तिथलं मेण निघतं, तिथून शाई झिरपते. मग तो कागद यंत्रावर चढवून दांडा फिरवला की एकामागून एक पत्रक बाहेर पडतं. कोरायचं काम तुमचं आणि दांडा फिरवायचं माझं.

पहिला मजकूर गुरुजींनी लिहून दिला होता. त्यांची भाषा भारी. 'स्वातंत्र्यसंपादनार्थ' असा एक शब्द होता, तो मला अजून पाठ आहे, कारण तो तीनदा फाटला. बोरूच्या सवयीनं तुम्ही शिरोरेघ एका दमात ओढायचात आणि मेणकागद त्या रेघेवरून दोऱ्यानं कापल्यासारखा उलगडायचा. शब्द जितका लांब, तितकी रेघ लांब, तितका कागद कच्चा.

गुरुजी म्हणाले, "मग रेघच देऊ नका वर."

"मग मराठी बोडकी दिसंल, गुरुजी," तुम्ही म्हणालात. "शब्दच आखूड घेतो की."

आणि तुम्ही घेतलेत. मी समोर उभी राहून बघत होते. पानभर वाक्य लिहिणारा माणूस एकेक शब्द हातात घेऊन तोलत होता, की हा कागदाला झेपेल का. 'अत्याचार' गेला, 'मार' आला. 'स्थलांतरित' गेले, 'घर सोडून आलेली माणसं' आली. जोडाक्षरं कमी झाली, कारण तिथं लेखणी अडकायची. विशेषणं तर तुम्ही जवळजवळ सोडूनच दिलीत. एका सकाळी पत्रकाचा पहिला कागद बाहेर पडला आणि मी तो वाचला: 'काल वाडी जळाली. माणसं उसात लपली. धान गेलं. जीव वाचला. आज त्यांना भाकर पायजे.'

त्यानंतर काही दिवसांनी लोहाऱ्याकडचा एक गडी कँपवर आला. त्याला वाचता येत नव्हतं. कुणीतरी त्याच्यापुढं ते पत्रक एकदा वाचलं होतं. सरहद्दीवरच्या करोडगिरी म्हणजे जकात नाक्यावर झडती होते, कागद सापडला तर हाल करतील, म्हणून त्यानं कागद नेलाच नाही. सगळं पत्रक तोंडपाठ करून आपल्या गावात सांगितलं होतं. आमच्यापुढं उभा राहून त्यानं ते म्हणून दाखवलं, एक शब्द न चुकता. आणि म्हणाला, "मालक, लई सोपं लिवताय. डोक्यात ऱ्हातंय."

तुम्ही त्याच्याकडं बघत राहिलात. ती ओसरीवरची ऐटदार वाक्यं कुणाला पाठ झाली असती? आणि ही बघा, नाका ओलांडून माणसाच्या तोंडातून गावात शिरली. मला तुम्हाला सांगायचं होतं की तुम्ही फार मोठं काम केलंत. मी म्हणाले, "शाई संपत आलीया." तुम्ही म्हणालात, "बघतो." आपल्यात असलं काही बोलायची रीतच नव्हती. आता लिहिते आहे, तर लिहून टाकते. तुमच्यासारखा लिहिणारा मी बघितला नाही, कारण तुमच्यासारखा सोडून देणारा मी बघितला नाही.

कँपवर रझाकारांची धाड येणार अशी बातमी आली तेव्हा यंत्र दुसऱ्या गावी हलवायचं ठरलं. बैलगाडीत ठेवून वर कडबा टाकला. तुम्ही गाडीत बसलात, यंत्र धरून. वाटेत ओढ्यात उतरताना बैल बुजले, गाडी कलंडली, आणि ते लोखंडी धूड घसरून तुमच्या उजव्या हातावर आलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी हात वाचवला. बोटं मात्र वाकडी बसली. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना भेटेनात. चिमटीत मीठ धरता येईना, मग लेखणी कुठली.

तुम्ही त्या दिवसांत रडला नाहीत, चिडला नाहीत. अव्वा घास भरवायला आली की मान फिरवायचात, तेवढंच. मला त्याची जास्त भीती वाटायची.

निजामाचं राज्य गेलं, आपण जळकोटला परत आलो. तालुक्याला सत्काराचा कार्यक्रम झाला. मंडपात माणूस मावत नव्हता. सूत्रं चालवणाऱ्या वकिलांनी तुमची ओळख करून दिली, की दुश्मनांनी ज्यांची बोटं ठेचली पण ज्यांची लेखणी वाकली नाही असे आपले अण्णा! टाळ्या काही थांबेनात. तुम्ही उठलात. हार गळ्यात तसाच होता. टाळ्या थांबेपर्यंत उभे राहिलात आणि म्हणालात:

"माझ्या हातावर यंत्र पडलं. बैल बुजले व्हते. मला कुणी मारलं न्हाई. ज्यांना खरंच मारलं त्यातली दोघं तिथं मागं बसल्यात, त्यांना पुढं बोलवा."

मागून कुणीतरी हसलं, मग पुष्कळ जण हसले, आणि वकिलांचं तोंड लाल झालं. त्यानंतर तुम्हाला असल्या कार्यक्रमाचं बोलावणं कधी आलं नाही. परतताना मोटारीत ह्यांनी विचारलं, "अण्णा, गप बसला असता तर काय बिघडलं असतं? लोकांनी मनानं दिलं व्हतं."

तुम्ही म्हणालात, "घेतलं असतं तर उद्या मी काय बी लिवलं तरी कोण खरं मानंल? मीच मानणार न्हाई."

'लिवलं' म्हणालात. वाकड्या बोटांचा हात मांडीवर ठेवून बसलेला माणूस उद्याच्या लिहिण्याची काळजी करत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले, डोळे भरले होते म्हणून.

दुसऱ्या दिवशी कामं आवरून मी तुमच्याकडं आले. कागद आणला होता, टाक आणला होता. म्हटलं, "सांगा, मी लिवते."

पहिले काही दिवस जमलं नाही. तुम्ही पुस्तकासारखं बोलायला बघायचात आणि अडखळायचात. हात चालत नसला की वाक्य पुढं सरकत नाही म्हणायचात. मग एका दुपारी तुम्ही अव्वाची गोष्ट सुरू केलीत. अव्वानं तुम्हाला नळदुर्गाच्या उर्दू शाळेत कसं नेऊन घातलं त्याची. आणि त्या गोष्टीच्या नादात विसरून गेलात की आपण लिहीत आहोत. मी भराभर उतरवून घेतलं: 'अव्वा मला शाळंत घेऊन गेली तवा तिला उर्दू येत न्हवतं, मराठी निम्मं येत व्हतं, आणि मास्तरला कन्नड येत न्हवतं. पण बोलणं लई येळ झालं, आणि शेवटी मास्तरनं माझं नाव लिवून घेतलं.'

मी वाचून दाखवलं. तुम्ही दचकलात.

"असं बोलतो व्हय मी?"

"व्हय. असंच."

"ते लई खोड. अतिशय लिही."

"तुम्ही लई म्हणालात."

"तू लिवणारी हायस का पंच?"

"तुम्ही तालुक्याच्या मंडपात उभं ऱ्हाऊन जे खरं ते सांगितलं. आता हितं कागदावर का लाजता?"

त्यावर तुम्ही अबोला धरलात. पण ते 'लई' राहिलं. आणि त्या महिन्यात जे उतरलं ते, अण्णा, मला तुमच्या सगळ्या लिखाणात गोड वाटतं. कचेरीतली उर्दू, पुस्तकातली मराठी, सगळं बाजूला झालं आणि आपल्या घरातलं बोलणं पहिल्यांदा कागदावर बसलं, पाय पसरून. त्यात हसू होतं, तुमचे ते आढेवेढे होते, मधेच एखादा कन्नड शब्द होता. मला वाटलं, सापडले. हेच खरे अण्णा.

तुम्हाला तसं वाटलं नाही. एका सकाळी मी आले तर तुम्ही पाटी घेऊन बसला होतात. डाव्या हातात पेन्सिल.

"हे काय?"

"तुझ्याकडनं लिवून घेतो ते माझं न्हाई, तंगी."

मला फार लागलं. "मी एक शब्द पदरचा घातला न्हाई."

"न्हाई घातलास. पण तू समोर बसलीस की मी तुला गोष्ट सांगतो. तू हसलीस की मी अजून सांगतो. तुझा चेहरा पडला की वळण बदलतो. समोर माणूस असलं की माणूस गोड बोलतो. मला एकदा कुणी समोर नसताना लिवायचंय."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि ते खरं होतं.

अव्वाचा आक्षेप वेगळा होता. डाव्या तळहातावर आपण लिंग धरतो, पूजा त्या हातावर होते. "त्या हाताला लेखणी कशाला लावतोस?" ती म्हणाली. "तो हात देवाचा हाय."

"म्हणूनच, अव्वा," तुम्ही म्हणालात. "त्या हातानं खोटं लिवाया हुयाचं न्हाई."

अव्वा आत गेली. पण दुसऱ्या दिवशी तिनं तुमची पाटी स्वतः धुऊन ठेवली होती.

पाटीवरून तुम्ही कागदावर आलात. जाड पेन्सिल, मुठीत धरलेली. अक्षरं बोराएवढी, रेघेच्या वर-खाली. एक सकाळ गेली की तीन-चार ओळी व्हायच्या. कपाळावर घाम यायचा, मान आखडायची, खांदा चोळत बसायचात. कँपवर शब्द कागदाला झेपेल का ते बघायचात, आता तो आपल्या हाताला झेपेल का ते बघत होतात. तुमच्या वाक्यात एक नाम आणि एक क्रियापद उरलं. 'आणि' सुद्धा गेला. ज्या 'आणि'वर तुमची सगळी बैलजोडी चालायची, तो गेला.

एकदा मी म्हटलं, "अण्णा, हे लई कोरडं हाय. हे तुम्ही न्हाई, हा हात लिवतोय."

तुम्ही म्हणालात, "हातच लिवतो, तंगी. तेच सांगतोय. जसं हत्यार, तसं वाक्य. बोरूनं मला नवरदेव केलं, मेणाच्या कागदानं शहाणं केलं, तुझ्या समोर बसून मी गोष्टीवेल्हाळ झालो. आता ह्या हातानं काय हुतंय ते बघू दे."

"काय बोलता! लिवणारा माणूस असतो. बोरूनं लिवा का पेन्सिलीनं, अण्णा ते अण्णाच."

आणि तुम्ही एकदम हसायला लागलात. खोकला येईपर्यंत हसलात.

"काय झालं?"

"आपण जागा बदलल्या की गं!"

मला कळायला वेळ लागला. खरंच की. ओसरीवर जे मी म्हणत होते ते तुम्ही म्हणत होतात, आणि तुमचं म्हणणं माझ्या तोंडात आलं होतं.

"कधी बदलल्या?" मी विचारलं.

"काय म्हाईत. वाटंत कुठंतरी."

त्या दिवशी आपण दोघं इतके हसलो की अव्वा बाहेर येऊन बघून गेली. त्यानंतर मी तुम्हाला तसं हसताना बघितलं नाही.

अव्वाची गोष्ट तुम्ही डाव्या हातानं पुढं चालवलीत. आधीचा अर्धा भाग मी उतरवलेला, बोलका. पुढचा तुमच्या मुठीतल्या पेन्सिलीचा. तुम्हाला माझा अर्धा भाग टाकून तोही डाव्या हातानं लिहायचा होता. मी म्हणत होते, त्याला हात लावू नका. तुम्ही म्हणालात, "उन्हाळा सरू दे, मग ठरवू." मग मुदतीचा ताप आला. तापात तुमचा डावा हात गोधडीवर फिरत असायचा, काहीतरी लिहिल्यासारखा. काय लिहिताय म्हणून मी विचारलं नाही. मला आशा होती की तुम्ही बरे झाल्यावर स्वतः सांगाल.

तुम्ही बरे झालाच नाहीत. शेवटच्या विधीला जंगमस्वामी आले, तुमच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, विभूती लावली. मी त्या तळहाताकडंच बघत होते. पेन्सिल धरून धरून तिथं घट्टा पडला होता.

संपादक घरी आले तेव्हा तीच गोष्ट घेऊन आले होते. मीच त्यांच्याकडं पाठवली होती. वाचून हलून गेलो म्हणाले. पण पुढं म्हणाले, "ताई, दोन भाग दोन माणसांनी लिहिल्यासारखे वाटतात. पहिल्यात बोली, दुसऱ्यात अशी तुटक वाक्यं. तुम्ही त्यांच्या लिहिण्यात मुरलेल्या आहात. जरा हात फिरवून एकसारखं करून द्या ना. वाचकाला बरं पडेल."

ते वाईट माणूस नाहीत. आणि मला करता आलं असतं. तुमचं बोरूचं वाक्य मला येतं, पत्रकाचं येतं, बोलण्यातलं तर माझ्याच हातून उतरलं आहे. 'आणि' घालून ती तुटकी वाक्यं मी अशी सांधली असती की सांधा कुणाला दिसला नसता. कागद पुढं घेऊन मी सकाळभर बसले सुद्धा. मग मला तुम्ही हार घातलेले दिसलात, टाळ्या थांबायची वाट बघत उभे. मी संपादकांना निरोप पाठवला की आहे तसं छापायचं असेल तर छापा. त्यांनी होकार कळवला आहे.

छापायला द्यायच्या आधी एकदा ती अव्वाला वाचून दाखवावी असं वाटलं. गोष्ट तिची होती. तुम्ही असताना ती कधी ऐकायला बसली नव्हती, आपल्यावर लिहिलंय म्हटल्यावर लाजून चुलीपाशी निघून जायची. काल दुपारी ती परसात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसून वाचायला लागले. पहिल्या भागाला ती हसली. मास्तरांशी आपण कन्नडात हुज्जत घातली ते ऐकून म्हणाली, "एवढं काय बोलले न्हवते मी. वाढवून सांगतोय तो." शेंगा फोडणं चालूच होतं.

मग मी तुमच्या डाव्या हाताच्या भागावर आले. तिला काहीच सांगितलं नाही. आवाजही बदलला नाही. वाचत गेले:

'शाळा भरली. अव्वा बाहेर उभी. ऊन होतं. मी खिडकीतून पाहिलं. ती उभीच. मास्तर म्हणाले, जा. ती हलली नाही.'

शेंगा फोडायचा आवाज थांबला. मी वर बघितलं. अव्वा माझ्याकडं बघत नव्हती. हातातली शेंग तशीच होती.

"तंगे," ती म्हणाली, "हे लिवताना त्याचा हात लई दुखत व्हता काय गं?"

मी म्हटलं, "व्हय, अव्वा."

तिनं शेंग खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि माझ्या जवळ सरकून बसली.

"वाच," ती म्हणाली. "निधान वाच."

आपल्या घरच्या कन्नडात निधान म्हणजे सावकाश. मी पहिल्या ओळीवर परत गेले, आणि एकेका शब्दावर थांबत वाचू लागले.